महिरप : पेशवेकालीन वाड्यांतील वक्र काष्ठकाम आणि कमानदार खिडकीची घडण

प्रास्ताविक

मराठ्यांच्या वास्तुकलेविषयी झालेल्या लेखनात किल्ले, मंदिरे आणि घाट यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे वाड्यांतील सुतारकामास मिळालेले नाही. वाड्यांचे वर्णन करताना सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाची नक्षी आणि महिरपी कमानी यांचा उल्लेख बहुतेक सर्व लेखक करतात. परंतु ही महिरप लाकडात कशी घडविली जात असे, ती जागेवर कशी बसविली जात असे आणि तिच्या घडणीवरून इतिहासाच्या अभ्यासकास काय समजू शकते, या प्रश्नांकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

'महिरप' हा शब्द अरबी 'मिहराब' या शब्दावरून मराठीत आला. मशिदीच्या भिंतीत काबागृहाची दिशा दर्शविणारा कोनाडा, असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र तो केवळ आकाराचा वाचक राहिला. देवाच्या मखराला महिरप असते, जेवणाच्या ताटाभोवती रांगोळीची महिरप काढतात आणि व्याकरणाच्या पुस्तकात कंसाचा एक प्रकारही 'महिरपी' ठरतो. शब्दाने धर्म व स्थान सोडून केवळ वळण जपावे, ही गोष्ट वास्तूतील महिरपीच्या बाबतीतही तंतोतंत घडलेली आहे.

भार न वाहणारी कमान

दगडी वा विटांची खरी कमान वरचा भार दोन्ही बाजूंस ढकलते. पाचरीच्या आकाराचे दगड एकमेकांस दाबून धरतात आणि तो दाब शेवटी भिंतीत किंवा खांबात उतरतो. वाड्याच्या दिवाणखान्यातील महिरप अशी नव्हे. तेथे दोन खांबांवर आडवी तुळई असते, तुळईवर कडीपाट असतो आणि सर्व भार तुळईवाटे सरळ खांबात जातो. महिरप ही तुळईखाली, दोन खांबांच्या मधल्या चौकोनी मोकळ्या जागेत बसविलेली कोरीव फळी होय. ती काढून घेतली तरी माळा पडत नाही. सज्जा व खिडक्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व आढळते : चौकट काटकोनी, आणि तिच्या वरच्या अंगास वळणदार काष्ठकाम.

पाकळ्यांची कमान आणि खाली फुगीर, वर निमुळता होत जाणारा खांब ही जोडी शाहजहानच्या काळात मुघल दरबारी वास्तूंत रूढ झाली. 1648 मध्ये पूर्ण झालेल्या दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-आमची कमानींची रांग हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. पुढे राजपूत दरबारांनी आणि अठराव्या शतकात मराठ्यांनी ती आपलीशी केली. या प्रवासास केवळ 'अनुकरण' म्हणणे प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. दगडातील आकार सागवानात उतरविताना पुणे, वाई वा चांदवड येथील सुताराला संपूर्ण रचनाच बदलावी लागली. जे उत्तरेत दगडात कोरले जात होते, ते येथे तुळई आणि खांब यांच्या जुन्या, भरवशाच्या पद्धतीवर चढविलेले आवरण झाले. दरबारी थाट तर साधला, आणि घर मात्र आपल्या रीतीनेच उभे राहिले.

वळण आणि तंतू

लाकडात वळण घडविण्यातील मुख्य अडचण तंतूची आहे. झाडाचा तंतू सरळ जातो, वळण सरळ जात नाही. सरळ फळीतून अर्धवर्तुळाकार पट्टी एकसंध कापली, तर माथ्याजवळ तंतू पट्टीच्या लांबीला धरून राहतो, परंतु दोन्ही पायांशी तो पट्टीला आडवा छेदतो. तेथे पट्टी हाताच्या दाबानेही मोडू शकते. शिवाय फळी प्रचंड रुंद लागते. आतून चार फूट रुंदीची अर्धवर्तुळाकार खिडकी आणि तीन इंच रुंदीची पट्टी असे धरल्यास बाहेरील त्रिज्या 27 इंच होते. म्हणजेच एकसंध पट्टीसाठी 27 इंच रुंद फळी हवी. तीच पट्टी तीन तुकड्यांत केली तर सुमारे सव्वासहा इंच रुंदीची फळी पुरते. पाच तुकड्यांत केली तर सव्वाचार इंचांची चालते आणि तंतूचा तिरकसपणा तुकड्याच्या टोकाशी केवळ 18 अंश राहतो. तुकडे वाढले की लाकूड वाचते आणि बळकटी येते, परंतु सांधेही वाढतात व प्रत्येक सांधा डोळ्यांस खुपण्याचा धोका असतो. सुताराचे सारे कौशल्य या देवघेवीत आहे.

महिरपीने ही देवघेव मोठ्या चातुर्याने सोडविली. ती सामान्यतः दोन अर्ध्यांत घडविता येते : एक डाव्या खांबास लागून, दुसरा उजव्या खांबास लागून. दोन्ही अर्धे माथ्यावर मिळतात. तेथील सांधा उघडा पडू नये यासाठी नक्षीचा एखादा लोंबता घटक, फूल वा कळी, अगदी सोयीचा ठरतो. पाकळ्यांच्या टोकांमुळे नजर एका सलग रेषेवरून सरकत नाही, ती टप्प्याटप्प्याने चढते. त्यामुळे साध्या अर्धवर्तुळात जी किंचित चूक लगेच दिसली असती, ती येथे नक्षीत सामावून जाते. वळणाबाहेरचे त्रिकोणी कोपरे कापून टाकण्याऐवजी फळीतच ठेवून त्यांवर वेलबुट्टी कोरली जाते. हे कोपरे केवळ शोभेचे नव्हेत. वळणाच्या नाजूक भागास मागून आधार देण्याचे कामही तेच करतात. रुंद फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून अशी फळी सर्व बाजूंनी जखडण्यापेक्षा खाचेत किंवा खुंट्यांवर, थोडी हालचाल करू शकेल अशी बसविणे हिताचे असते.

वळण कोणाचे?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या परिसरात निराळ्या प्रकारच्या कमानदार वास्तू उभ्या राहिल्या. डेक्कन कॉलेजची इमारत आणि 1864 मध्ये आरंभ होऊन 1871 मध्ये पूर्ण झालेले गणेशखिंडीतील गव्हर्नरांचे निवासस्थान, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, ही त्यांपैकी दोन. अशा वास्तूंत भिंतीतील कमान खरोखरीची असते आणि वळण आधी गवंडी ठरवितो. सुतार नंतर येतो. त्याला तयार कमानीत बसेल अशी चौकट, झडपा आणि वळणदार पट्टी करून द्यावयाची असते.

हा फरक वरवर तांत्रिक वाटला तरी कारागिराच्या स्थानाच्या दृष्टीने मूलगामी आहे. वाड्यात वळण सुताराचे होते. आता त्याला दुसऱ्याचे वळण उतरवून घ्यावे लागले. त्यासाठी गाळ्याची रुंदी आणि माथ्याची उंची मोजून त्रिज्या काढतात : अर्ध्या रुंदीचा वर्ग आणि उंचीचा वर्ग यांची बेरीज करून तिला उंचीच्या दुपटीने भागावे. गाळा 48 इंच व उंची 12 इंच असल्यास 576 आणि 144 यांची बेरीज 720, तिला 24 ने भागून त्रिज्या 30 इंच येते. परंतु हे गणित कागदावरचे. बांधलेली कमान क्वचितच गणितातील वर्तुळाशी जुळते. गिलाव्याची जाडी कमीजास्त असते, एखादी बाजू किंचित खचलेली असते. म्हणून अनुभवी सुतार पातळ फळीचा फर्मा प्रत्यक्ष कमानीत धरून तिची रेषा त्यावर उतरवून घेतो आणि पट्टी त्या फर्म्यावरून कापतो. गणित त्याला लाकूड किती लागेल हे सांगते, आकार मात्र भिंतच सांगते.

पुराव्याचा प्रश्न

या विषयाचा अभ्यास करताना साधनांची मोठी उणीव जाणवते. शनिवारवाडा 1732 मध्ये वास्तुशांत होऊन वसला, परंतु 1828 च्या आगीत त्याच्या आतील लाकडी इमारती नष्ट झाल्या. आज तट, दरवाजे, जोती आणि दिल्ली दरवाजावरील नगारखाना एवढेच पाहावयास मिळते. विश्रामबागवाडा 1807 चा. पुण्यातील संस्कृत पाठशाळा 1821 मध्ये येथेच सुरू झाली. 1879 मध्ये यालाही आग लागली आणि जळालेला भाग पुढे नव्याने उभारण्यात आला. त्यामुळे त्याच्या दर्शनी काष्ठकामाकडे बोट दाखवून 'हे पेशवेकालीन' असे सरसकट म्हणता येत नाही. नमुना पेशवेकालीन आणि हात पुढच्या पिढीचे, अशी शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते. मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा या दृष्टीने अधिक मोलाचा आहे.

कागदपत्रांत वाडा बांधविणाऱ्याचे नाव असते. महिरप कोरणाऱ्याचे नाव सहसा हाती लागत नाही. अशा स्थितीत लाकूड हेच साधन मानावे लागते, आणि त्यातही नक्षीची पुढची बाजू नव्हे तर पाठीमागची. पुढची बाजू रंधा, पटाशी आणि शेवटी तेल-रंग यांनी आपल्या खुणा पुसून टाकते. मागे वाकसाचे घाव, आखणीच्या रेषा व खुंट्यांची भोके टिकून राहण्याची शक्यता अधिक असते.

दुर्दैवाने, ज्या गुणामुळे महिरप घडविणे सोपे झाले त्याच गुणामुळे ती सर्वांत आधी नाहीशी होते. ती भार वाहत नाही. म्हणून वाडा उभा असतानाच ती उतरवून विकता येते, आणि मग ती एखाद्या उपाहारगृहात आरशाची चौकट होऊन बसते. दुरुस्तीच्या कामांतही झिजलेल्या महिरपीऐवजी संगणकचलित यंत्राने कापलेली नवी बसविणे आज सहज शक्य आहे. त्यास प्रस्तुत लेखकाचा सरसकट विरोध नाही. सडलेले लाकूड बदलावेच लागते. परंतु जुनी फळी खाली उतरविण्यापूर्वी तिला क्रमांक द्यावा, पूर्ण आकाराची प्रतिकृती कागदावर घासून घ्यावी आणि पाठीमागील बाजूचे छायाचित्र काढावे, एवढा आग्रह धरावयास हवा. अशा कागदावरील डावा अर्धा उलटवून उजव्या अर्ध्यावर ठेवला की सुताराने एकच फर्मा दोन्हीकडे वापरला होता, की प्रत्येक अर्धा स्वतंत्रपणे आखला होता, हे काही मिनिटांत कळू शकते. दोन अर्धे दोन गिऱ्हाइकांकडे गेल्यानंतर ते कळण्याचा मार्ग उरत नाही.