पाया कधी बदलावा?

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते. देवळामागून डोंगराच्या कपारीतल्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात आणि लाटांनी कोरलेल्या खडकांवरून वळसा घालून वाट पुन्हा वर येते. भरतीच्या वेळी हा खालचा टप्पा पाण्याच्या ताब्यात असतो आणि बेसावध माणसे लाटेने ओढली गेल्याच्या दुर्घटना इथे झालेल्या आहेत. त्यामुळे भरतीची वेळ काढता येणे ही इथली जुनी गरज. कोकण किनाऱ्यावर त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब पाऊणकी येणाऱ्या कुणालाही जमेल असा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती पूर्ण, अष्टमीला सहाला, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. ना यंत्र, ना नेटवर्क. नवे सॉफ्टवेअर चालावे म्हणून संगणकाची किंवा मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम बदलावी का, या आज घरोघर पडणाऱ्या प्रश्नावर ‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ असे म्हणणाऱ्यांना याहून भक्कम दाखला मिळणार नाही. शेकडो वर्षे एकही अपडेट न घेता हा हिशेब चालतो आहे.

दाखला भक्कम आहे, पण अपुरा आहे. पाऊणपट तिथीची करायची, आणि तिथी येते पंचांगातून. पंचांग ज्या गणितावर उभे असते, त्या गणिताचा पाया याच किनाऱ्यावर बदलला गेला होता. हरिहरेश्वरच्या उत्तरेला, मुरूडजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. वडील केशव दैवज्ञ हेही आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी. जुन्या ग्रंथांच्या गणिताने आलेले ग्रह आकाशात त्या जागी दिसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. गणेश दैवज्ञांनी सौर, आर्य आणि ब्राह्म या तिन्ही पक्षांचे, म्हणजे गणिताच्या परंपरांचे, गणित तपासले, जो ग्रह ज्या पक्षाने आकाशाशी जुळला तो त्या पक्षाचा घेतला आणि जिथे जुळत नव्हता तिथे संस्कार दिला. पण त्यांची खरी थोरवी दुसऱ्या गोष्टीत आहे. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे तर त्यांच्या काळी ती संख्या सोळा लाखांच्या पुढे गेलेली होती, आणि गावोगावच्या जोशाला दर वर्षी त्या अवाढव्य आकड्याशी झुंजावे लागे. ग्रहलाघवात सुमारे ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र घेतले आहे. चक्र संपले की ठरावीक अंक वजा करायचा आणि पुन्हा लहान संख्येपासून सुरुवात करायची. ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट कोष्टकेही त्यांनी गणितातून काढून टाकली. पाया नवा झाला आणि वापरणाऱ्याचे काम हलके झाले. म्हणूनच महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकात हा ग्रंथ कुणाच्या हुकमाविना पसरला.

साडेतीनशे वर्षांनी हाच पाया जुना झाला. ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ तयार केली आणि त्यावरून शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, पटवर्धनी पंचांग निघू लागले. आकाशाशी ताडून पाहिले तर ते अधिक अचूक होते. तरी बहुसंख्य घरांत ग्रहलाघवी पंचांगच राहिले. याचा दोष लोकांच्या हटवादीपणावर टाकणे मला पटत नाही. छत्र्यांनी राशिचक्राचा आरंभबिंदूच वेगळा तारा धरून घेतला होता, त्यामुळे संक्रांती सरकत आणि कधीकधी अधिक महिनाही दुसराच येई. एका गावात दोन दिवाळ्या कोण करणार? सण एकट्याचा नसतो. पुढे जे रुजले त्यात गणित नवे आहे, पण आरंभबिंदू रूढ पंचांगाला जवळचा आहे. आजची रूढ मराठी पंचांगे त्याच वाटेने चालतात. पाया बदलायचा प्रश्न आला की मी या दोन प्रसंगांकडे पाहतो. पाया खचला असेल तर तो बदलावाच लागतो. मात्र ज्या गोष्टी दहा जणांच्या सामाईक आहेत, त्या नव्या पायावर धडपणे नेता आल्या पाहिजेत. नाहीतर अचूक असूनही बदल वाया जातो.

संगणकावरच्या मराठीचा इतिहास या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे, कारण तो आपण अजून पुरता निस्तरलेला नाही. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी घडवलेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सीडॅकमध्ये आले आणि डॉसच्या जमान्यात संगणकात एक कार्ड बसवून पडद्यावर देवनागरी उमटू लागली. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही अक्षरांची सांकेतिक व्यवस्था प्रमाण म्हणून स्वीकारली. विंडोज आल्यावर छापखाने, वर्तमानपत्रे आणि कचेऱ्या मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटवर गेल्या. त्या फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला तरी संगणकाच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असे, आणि कोणत्या अक्षरामागे काय लपवायचे हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवी. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फाँट नसला, की मजकुराच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग. या गोंधळावरचा उपाय प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या युनिकोडच्या रूपाने १९९१ पासून कागदावर होता. पण तो चालायला खालची ऑपरेटिंग सिस्टीम नवी लागत होती. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोड पहिल्यांदा आले ते २००० साली, विंडोज २००० बरोबर. विंडोज ९८ वर ते नव्हते. एक्सपीवरही ते आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची, मूळ सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा, एवढा खटाटोप होता. ती सीडी किती कचेऱ्यांत हाताशी असायची, याचा अंदाज ज्याने तो काळ पाहिला त्याला आहे.

त्या वेळी ‘आमचा फाँट चालतो आहे’ म्हणून थांबलेल्यांची बाजू समजण्यासारखी होती. संगणक महाग, छपाईची सॉफ्टवेअरे युनिकोड नीट घेत नव्हती, अंक वेळेवर निघणे महत्त्वाचे. परंतु थांबण्याची किंमत त्या दिवशी दिसत नाही, ती पुढे दिसते. त्या वर्षांत टंकलेली मराठी पुस्तके, अंक आणि अहवाल यांचा मोठा साठा आज शोधता येत नाही, फोनवर उघडत नाही, आणि रूपांतर करायला घेतले की जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो, ऱ्हस्व-दीर्घाची अदलाबदल होते. एकेक ओळ माणसाने वाचून दुरुस्त करावी लागते. आणि पाया नवा ठेवण्याचे काम एकदाच करून भागत नाही. ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आला. त्याआधीच्या यंत्रावर त्या जागी रिकामा चौकोन दिसे. रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, आणि विंडोज ७ मध्ये ते उमटावे म्हणून वेगळे अपडेट बसवावे लागले. पावतीवर चौकोन छापणाऱ्या दुकानदाराला तेव्हा कुणी हे सांगितले नव्हते.

हरिहरेश्वरच्या माणसाला या साऱ्याचा सर्वांत जवळून संबंध येतो तो सातबाऱ्यातून. नारळी-पोफळीची वाडी काही गुंठ्यांची, सातबाऱ्यावर नावे मात्र भावकीतल्या सगळ्यांची, त्यातली निम्मी माणसे मुंबईला. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला केंद्रीय प्रयोग १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत झाला, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे राज्यभर तलाठ्यांच्या हस्तलिखित नोंदी संगणकात चढल्या. मग २००८ नंतरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या ऑनलाइन करायच्या ठरल्या, तेव्हा जुन्या पद्धतीने साठवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागला. हे काम यंत्राने एका रात्रीत होणारे नव्हते. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा ताडून पाहण्यासाठी २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले, चुका पुन्हा दुरुस्त झाल्या, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सर्व्हर चालत नाही ही तक्रार या सगळ्या काळात महसूल कर्मचाऱ्यांचीही होती आणि खेटे घालणाऱ्या खातेदारांचीही. तरीही डोंबिवलीत बसून हरिहरेश्वरच्या वाडीचा उतारा काढता येतो तो पाया बदलला म्हणूनच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या केल्या, वीज आणि फोन दीर्घकाळ बंद पडले. पंचनाम्याला आणि मदतीला सातबाऱ्यावरचे नाव लागत होते. छप्पर उडालेल्या घरातल्या पेटीतला कागद भिजला तरी नोंद दुसरीकडे शाबूत असणे म्हणजे काय, हे त्या पावसाळ्यात कळले.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. अपडेट घेतल्यानेच घात होतो, त्याचे काय? हा आक्षेप खोटा नाही आणि त्याचा पुरावा रायगड जिल्ह्यातच आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम जगभर पसरला, आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले मर्स्क या जहाज वाहतूक समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. कंटेनरची कामे हाताने करण्याची वेळ आली. या प्रोग्रामचा शिरकाव झाला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे विष अपडेटच्या वाटेनेच आले. पण ते आत शिरल्यावर संगणकामागून संगणक पाडत गेले ते विंडोजमधल्या ज्या भगदाडाच्या आधाराने, ते बुजवणारे अपडेट त्याच वर्षी १४ मार्चला, तीन महिने आधी, उपलब्ध झालेले होते. सगळा दोष न घेतलेल्या अपडेटचा होता असेही नाही. एका संगणकातून चोरलेल्या पासवर्डवर नॉटपेट्याने अद्ययावत संगणकही पाडले. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि त्यांच्या जाळ्याची कळीची नोंद वाचली ती घानामधल्या एका कचेरीत, तिथली वीज त्या वेळी गेलेली होती म्हणून. यातून मी काढतो तो निष्कर्ष असा: अपडेट घेणे ही सुरक्षिततेची हमी नाही, पण जाळ्याला जोडलेले यंत्र जुने ठेवणे हा ठरवून ओढवलेला धोका आहे, आणि दोन्ही बाबतींत शेवटी तारते ती वेगळी ठेवलेली प्रत.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ठरावीक सुरक्षा चिप नसलेल्या यंत्रावर अधिकृतपणे बसत नाही, म्हणजे धडधाकट संगणक केवळ या अटीपायी बाद. मोबाइलचे तसेच, २०२३ च्या ऑक्टोबरपासून व्हॉट्सॲप अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर चालत नाही. किनाऱ्यावर दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या कुटुंबाला, होडीवरच्या खलाशाला नवे यंत्र घे म्हणणे सोपे आहे, घेणे सोपे नाही. कंपन्या जुन्या यंत्राला वाऱ्यावर सोडतात ते बहुतेक वेळा तांत्रिक नाइलाजाने नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. म्हणून सरकारी सेवा नव्या सिस्टीमवर नेताना जुन्या फोनवर, सेतूच्या खिडकीवर आणि कागदावर ती मिळत राहील याची जबाबदारी सेवा देणाऱ्याची आहे. जुन्या संगणकावर लिनक्स बसवून तो इंटरनेटला सुरक्षितपणे जोडता येतो, मराठी युनिकोड त्यावर उत्तम चालते आणि त्याला पैसे पडत नाहीत. ही वाट गावात दाखवणारा माणूस मात्र हवा.

ज्या यंत्राला जाळे नाही, ज्यावर एकच काम वर्षानुवर्षे बिनचूक होते, त्याला केवळ नवे सॉफ्टवेअर छान दिसते म्हणून हात लावू नये. पण ज्या यंत्रावर दुसऱ्याची नावे, दुसऱ्याचे पैसे किंवा गावाच्या नोंदी आहेत, ते जुने ठेवण्याचा हक्क एकट्या मालकाचा राहत नाही. तुमच्याजवळ जुन्या फाँटमधले काही असेल, ग्रामपंचायतीचा ठराव, देवस्थानचा हिशेब, एखाद्या दिवाळी अंकाची फाइल, तर ती उघडणारे यंत्र चालू आहे तोवर मजकूर युनिकोडमध्ये आणा, मुळाशी ताडून वाचा आणि प्रत दोन ठिकाणी ठेवा. अपडेटचे बटण त्यानंतर दाबा.