चालत्या घरातला गारवा

उन्हाळ्यात घर गार कसे ठेवावे, या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जाड भिंती, माळवद, दारापुढचा मांडव, संध्याकाळी अंगणात टाकलेला सडा. ही सगळी उत्तरे एका जागी उभ्या असलेल्या घराची आहेत. ज्याचे घर त्याच्याबरोबर चालते, त्याला यातले थोडेच उपयोगी पडते. व्यापाऱ्यांचे तांडे, फौजा, मेंढपाळ, तमाशाचे फड, ऊसतोडणी कामगार यांच्या घराला जाड भिंत असू शकत नाही, कारण ती उचलून नेता येत नाही. मग या लोकांनी उन्हाळे काढले कसे? जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत या प्रश्नाचा सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास पाहायला मिळतो. त्यात विज्ञान आहे, आणि विज्ञानाबरोबर येणारा एक सामाजिक हिशेबही आहे.

आधी उष्णतेचा हिशेब

जुन्नर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास भर दुपारी सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी ऊन पडते ते मुख्यतः छपरावर. भिंतींना ते थोडेच लागते. निरभ्र आकाश असेल तर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॉट इतकी सौर ऊर्जा मिळते. तंबूचे छत ३ मीटर लांब व ३ मीटर रुंद असेल तर त्याचे क्षेत्रफळ ९ चौरस मीटर होते. म्हणजे १ किलोवॉटच्या नऊ विजेच्या शेगड्या छतावर पेटवून ठेवाव्यात, एवढी ऊर्जा त्यावर पडते. पांढरे कापड यातली बरीचशी परतवते, गडद ताडपत्री मात्र बहुतेक सगळी शोषून घेते.

तापलेली ताडपत्री दोन प्रकारे त्रास देते. ती आतली हवा तापवते, आणि स्वतः अवरक्त किरण खाली सोडते. उलटा तवा डोक्यावर धरावा तशी ही स्थिती असते. म्हणूनच झाडाच्या सावलीत आणि ताडपत्रीखाली हवेचे तापमान सारखे असले तरी ताडपत्रीखाली बसवत नाही. चालते घर गार ठेवणे म्हणजे मुख्यतः या छपराचा बंदोबस्त करणे.

नाणेघाटातली विश्रांती

कोकणातून जुन्नरला चढून येणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. राणी नागनिकेच्या लेखामुळे प्रसिद्ध असलेले तेथील लेणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले मानले जाते. आत तिन्ही बाजूंना दगडी बाक आहेत, जवळ पाण्याची कोरीव टाकी आहेत. घाट चढून आलेल्या वाटसरूसाठी ही विश्रांतीची जागा होती.

बेसॉल्टसारख्या दगडात दिवसाची उष्णता फार सावकाश शिरते. बाहेर दिवसरात्र तापमान वरखाली होत असते, पण त्या चढउताराचा परिणाम दगडात अर्धा मीटर खोलीवर अगदी नगण्य उरतो. काही मीटर जाडीच्या कातळाखाली तर तापमान वर्षाच्या सरासरीजवळच राहते. म्हणून भर उन्हाळ्यात लेण्यात गारवा लागतो.

तांड्याबरोबरच्या कापडाला किंवा चटईला हे जमत नाही. पण त्या हलक्या घराचा एक फायदा असतो. त्यात उष्णता साठत नाही, त्यामुळे सूर्य मावळला की ते लवकर निवते. निरभ्र रात्री पातळ कापड आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. तापलेल्या दगडी भिंतीचे घर रात्री उशिरापर्यंत गरम राहते, त्या वेळी राहुटीत किंवा तिच्याबाहेर अंथरूण टाकणाऱ्याला झोप लागलेली असते. दिवसा झाडाची सावली, रात्री उघडे आकाश आणि पहाटे वाटचाल, हा साध्या प्रवाशाचा उन्हाळी क्रम यातूनच आला.

दुहेरी छत

फौजेला मात्र झाडे शोधत फिरता येत नाही. निजामशाही १६३६ साली बुडाली आणि जुन्नर मोगलांकडे गेले. पुढे १६८१ साली दख्खनेत उतरलेल्या औरंगजेबाचे १७०७ पर्यंतचे आयुष्य मोठ्या प्रमाणावर छावण्यांत गेले. मोगल छावणीत डेरे, कनाती आणि शामियाने असत. बादशाही डेऱ्यांचे दोन संच असत. एक वापरात असताना दुसरा, म्हणजे पेशखाना, पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहत असे.

यातला शामियाना भौतिकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शामियाना म्हणजे बाजू उघड्या असलेले छत. ते डेऱ्याच्या वर उभारले की ऊन पहिल्या कापडावर अडते. ते कापड तापते, पण दोन कापडांमधून वारा वाहत असल्याने ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते. खालचे कापड सावलीत राहते, त्यामुळे ते तव्यासारखे तापत नाही. पुढे इंग्रजी फौजेच्या तंबूंतही असेच आतले व बाहेरचे अशी दोन छते आली. ई.पी.आय.पी. या नावाने ओळखला जाणारा हा तंबू आपत्तीच्या वेळी निवाऱ्यासाठी आजही आपल्याकडे वापरला जातो. या उपायाला पाणी लागत नाही, इंधन लागत नाही. फक्त एक जादा कापड आणि मधली मोकळी जागा लागते.

वाळ्याच्या ताट्या आणि पाणी

दुसरा उपाय पाण्याचा. बांबूच्या चौकटीत वाळ्याची मुळे बसवून त्यावर पाणी शिंपडायचे आणि आत येणारा वारा त्यातून घ्यायचा. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त या रचनेचे श्रेय अकबराला दिले आहे. इंग्रजी अमदानीत अशा ताट्या बंगल्यांच्या दारांना आणि साहेबांच्या तंबूंना लागल्या.

हा उपाय कोठे चालतो, हे समजण्यासाठी नाणेघाटाइतके चांगले उदाहरण नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेला, देशावर, एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे असे धरू. अशा हवेत ओल्या फुग्याच्या तापमापीवर सुमारे २१ अंश दिसतील. म्हणजे ताटीतून येणारी हवा तत्त्वतः १७ अंशांपर्यंत गार होऊ शकते. घाटाखाली कोकणात तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के धरली तर ओला फुगा सुमारे २८ अंश दाखवील. तेथे फरक मिळेल जेमतेम ५ अंशांचा. तीच ताटी, तेच पाणी, पण घाट उतरला की गारवा संपतो.

आता पाण्याचा हिशेब पाहू. ताटी २ चौरस मीटरची आहे, वारा सेकंदाला १ मीटर या वेगाने आत येतो आणि तो १० अंशांनी गार करायचा आहे. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. यावरून तासाला सुमारे ३० लिटर पाणी लागते असे उत्तर येते. दुपारचे सात तास म्हणजे दोनशेहून अधिक लिटर. हे पाणी भिस्ती पखालीने वाहत असे आणि ताटीवर शिंपडत उन्हात उभा राहत असे. आतल्या माणसाचा गारवा बाहेरच्या माणसाच्या श्रमांतून येत होता.

पुढे पाण्याची जागा बर्फाने घेतली. मुंबई-पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली वातानुकूलित डबे जोडले गेले. डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून त्यांवरून पंख्याने हवा आत सोडत, आणि वाटेतल्या स्थानकांवर नवा बर्फ भरत. येथेही एक तुलना बोधप्रद आहे. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो. म्हणजे १ लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते, तेवढी शोषायला सात किलोंहून अधिक बर्फ वितळावा लागतो.

राहुट्या, कोप्या आणि बिबट्या

फौजा गेल्या, पण ‘राहुटी’ हा शब्द या भागात टिकून राहिला. विठाबाईंच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला तेथे येतात. यात्रांचा हंगाम ऐन उन्हाळ्यातला. कलावंतांचे काम रात्री चालते, त्यामुळे त्यांची झोप दिवसा, म्हणजे नेमकी तापलेल्या छताखाली येते.

दुसरे चालते घर ऊसतोडणी कामगारांचे. जुन्नरमधील विघ्नहर आणि आंबेगावमधील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामात बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांच्या कोप्या उभ्या राहतात. हंगाम लांबला की मार्च-एप्रिलचे ऊन त्याच कोपीत काढावे लागते. बांबूच्या ताट्या आणि पाचट यांची कोपी उष्णतेच्या दृष्टीने बरी असते, कारण पाचटाच्या थरात अडकलेली हवा उष्णतेला रोखते; पण तिला आगीचे भय असते. प्लास्टिकच्या कागदाची कोपी पावसाला बरी, पण त्यात ना रोधक थर, ना हवेला वाट.

या लोकांजवळ एक फुकटचा उपाय होता, तो म्हणजे रात्र. दिवसा कसेही काढले तरी रात्री बाहेर अंथरूण टाकता येत असे. पण उसाच्या शेतांत बिबट्या वस्ती करून राहू लागला आणि हा उपाय धोक्याचा झाला. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांच्या जुन्नर वनविभागात माणसावर होणारे हल्ले ही गंभीर समस्या आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले. उघड्यावर निजणारी मुले, ऊसतोडणी कामगार आणि मेंढपाळ यांना सर्वांत जास्त धोका असतो. तेव्हा ‘उकाडा असेल तर बाहेर झोपा’ असे या भागात कोणाला सांगता येत नाही. आणि दार लावून प्लास्टिकखाली झोपावे तर वारा मिळत नाही.

म्हणजे इतिहासातल्या चार उपायांपैकी दगड बरोबर नेता येत नाही, रात्र हातची गेली, आणि तासाला ३० लिटर पाणी शिंपडणे हंडाभर पाण्यासाठी पायपीट करणाऱ्या बाईला सांगणे क्रूरपणाचे आहे. उरते ते दुहेरी छत. या परिसरात शेतीसाठी वापरली जाणारी शेडनेट सहज मिळते. अर्धे ऊन अडवणारी अशी जाळी कोपीच्या छपरापासून हातभर उंचीवर ताणून बांधली तर छपरावर पडणारी ऊर्जा निम्मी होते. समोरासमोरच्या बाजूंना उंचावर झरोके ठेवून त्यांना तारेची मजबूत जाळी लावली तर दार बंद असतानाही वारा खेळतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्या गाड्यांत वातानुकूलन यंत्र असेल. पण त्या पत्र्याच्या पेटीलाही सावलीत उभे केले तर यंत्राचे काम हलके होईल. नियम दोन्ही घरांना एकच आहे.

वर्गासाठी प्रयोग

बांबूच्या काड्यांचे सारख्या मापाचे तीन सांगाडे करावेत. तिन्हींवर एकाच ताडपत्रीचे तुकडे ताणावेत. दुसऱ्यावर वीतभर उंचीवर जुन्या चादरीचे आणखी एक छत बांधावे. तिसऱ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला ओले गोणपाट लावावे, आणि त्यावर किती पाणी शिंपडले ते मोजून लिहावे. प्रत्येकात सारख्या उंचीवर तापमापी टांगून सकाळी ११ ते दुपारी ३ दर अर्ध्या तासाने नोंद करावी. आलेख एकाच कागदावर काढावेत. मग मुलांना विचारावे, की दुसऱ्या आणि तिसऱ्या घराच्या गारव्याची किंमत काय, आणि ती कोणी मोजली? जुन्नर-आंबेगावातल्या अनेक शाळांपासून कोप्या फार लांब नसतात. मुलांनी काढलेला आलेख तेथे नेऊन दाखवता येईल, आणि एखादी जाळी बांधूनही देता येईल.