शिनाई किती असाव्यात?



'जपानवर काहीतरी लिहून पाठव' असा संयोजकांचा निरोप आला. फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि चेरीची फुले आता सगळ्यांनीच मोबाइलवर पाहिली आहेत. म्हणून मी एका बांबूच्या काठीचा इतिहास लिहायचे ठरवले. इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारा मी इतिहासावर लिहितो आहे हे पाहून बाईंना हसू येईल. येऊ द्या.

आपण 1984 साली दहावी झालो. नोकरीनिमित्त मी 2004 मध्ये टोकियोला आलो आणि 2009 मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, घराजवळच्या व्यायामशाळेत केंडो शिकू लागलो. केंडो म्हणजे जपानी तलवारबाजी. डोक्यावर जाळीचा मुखवटा, छातीला चिलखत, हातांत जाड मोजे आणि तलवारीच्या जागी शिनाई. बांबूच्या चार कामट्या एकत्र ठेवायच्या, टोकाला आणि मुठीला चामड्याची टोपणे घालायची, दोन्ही टोपणे दोरीने ताणून बांधायची, टोकापासून साधारण पाव अंतरावर चामड्याची वादी आवळायची, की झाली शिनाई. आपण पतंगाला लावायचो तसल्याच कामट्या, फक्त जाड आणि चार फूट लांब.

पहिली दोन वर्षे माझ्याकडे एकच शिनाई होती. आपण एका कंपासपेटीत दहावी काढलेली माणसे. एक वस्तू चालते आहे तोवर दुसरी कशाला, हा हिशेब अंगात मुरलेला. एका संध्याकाळी सरावाआधी दिसले की एका कामटीची कड उचलली आहे. 'आजचा दिवस निघेल' असे म्हणून मी ती अंगठ्याने दाबली आणि उभा राहिलो. समोर शाळकरी वयाचा एक मुलगा होता. तिसऱ्या-चौथ्या वाराला कामटी फुटली आणि तिचे कुसळ त्याच्या मुखवट्याच्या जाळीतून आत गेले. डोळ्यापासून बोटभर अंतरावर ते अडकले.

सराव थांबला. मुलाला काही झाले नव्हते. आमचे वयस्कर सेन्सेई, म्हणजे गुरुजी, रागावले नाहीत. त्यांनी माझी शिनाई काढून घेतली, स्वतःच्या पिशवीतली दुसरी माझ्या हातात दिली आणि विचारले, "तुमच्याकडे किती आहेत?" मी म्हटले, "एकच." ते म्हणाले, "तीन हव्यात," आणि पुन्हा सराव सुरू केला. शेवटी रिवाजाप्रमाणे तो मुलगा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला, वाकला आणि शिकवल्याबद्दल त्याने माझे आभार मानले. त्या रात्री मला झोप लागली नाही. तीनच का, हे शोधत मी या काठीच्या इतिहासात शिरलो.

शिनाई यायच्या आधी जपानात सराव चाले तो बोकुतोने, म्हणजे अखंड लाकडी तलवारीने. तशी एक तलवार माणसाला जन्मभर पुरे. पुरत नसे तो समोरचा माणूस. हाडे मोडत, जीवही जात. मियामोतो मुसाशी या प्रसिद्ध तलवारबाजाने 1612 मध्ये एका बेटावरच्या द्वंद्वात सासाकी कोजिरोला मारले ते लाकडी तलवारीनेच. ती त्याने होडीच्या वल्ह्यातून तासून काढली होती, अशी कथा सांगतात. त्यामुळे शिष्यांना पूर्ण ताकदीने वार करूच देत नसत. ठरलेले वार, ठरलेले बचाव, आणि शेवटच्या क्षणी हात आखडता घ्यायचा.

यावर सोळाव्या शतकात एक उपाय निघाला. त्याचे श्रेय शिनकागे परंपरेचा संस्थापक कामिइझुमी नोबुत्सुना याला देतात. त्याने बांबू चिरून त्याच्या पातळ काड्या केल्या आणि त्यावर चामड्याची पिशवी चढवली. ही 'फुकुरो शिनाई', म्हणजे पिशवीतली शिनाई. शिनाई हा शब्दच लवण्या-वाकण्याच्या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. यग्यू मुनेतोशी हा नावाजलेला योद्धा नोबुत्सुनाच्या परंपरेपुढे हरला आणि त्याचा शिष्य झाला. पुढे हेच यग्यू घराणे तोकुगावा शोगुनांना तलवार शिकवू लागले.

अठराव्या शतकात दुसरे पाऊल पडले. जिकिशिनकागे परंपरेतल्या नागानुमा कुनिसातोने मुखवटा आणि मोजे सुधारले. शतकाच्या मध्यावर नाकानिशी त्सुगुताकेने चिलखत आणि शिनाई घेऊन मोकळेपणी झुंजण्याची पद्धत आपल्या शाळेत रुजवली. आता वार अडवायचा नव्हता, खरोखर मारायचा होता. पिशवी मागे पडत गेली आणि चार उघड्या कामट्यांची, आजच्या वळणाची शिनाई रूढ झाली. हिशेब उलटला तो इथे. पूर्वी काठी टिके आणि माणूस मोडे. आता माणूस टिकावा म्हणून काठी मोडू लागली. शिनाई किती असाव्यात हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

माणसाची हाव मात्र सुटली नाही. 1830 च्या दशकात यानागावा संस्थानातला ओइशी सुसुमू हा उंच गडी पाच शाकुंहून लांब शिनाई घेऊन एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, आला. शाकु म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर. दीड मीटरच्या त्या काठीपुढे राजधानीतल्या नामांकित शाळांची धांदल उडाली. चिबा शूसाकू या मोठ्या गुरूने त्याला तोंड देताना मुठीवर पिंपाच्या झाकणाएवढी ढाल लावली, अशी आख्यायिका आहे. मग ज्याची काठी लांब त्याची सरशी, अशी चढाओढ लागली. शेवटी 1850 च्या दशकात शोगुनांच्या कोबुशो या सैनिकी शाळेने शिनाईची लांबी 3 शाकु 8 सून, म्हणजे सुमारे 115 सेंटिमीटर, ठरवून दिली. आजची मापे त्याच वळणावर गेली आहेत. कनिष्ठ माध्यमिक शाळेतल्या मुलांना जास्तीत जास्त 114, उच्च माध्यमिकला 117 आणि मोठ्यांना 120 सेंटिमीटर. वजनाला मात्र खालची मर्यादा आहे. मोठ्या पुरुषांची शिनाई 510 ग्रॅमच्या खाली चालत नाही आणि स्त्रियांची 440 च्या. हलकी शिनाई वेगाने फिरते. पण हलकी करायची तर बांबू तासून पातळ करावा लागतो, आणि पातळ बांबू लवकर फुटतो.

1876 मध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार कायद्याने गेली. काठी राहिली. 1911 मध्ये ही विद्या जपानच्या शाळांत शिरली आणि पुढच्या युद्धकाळात सैनिकी शिक्षणाला जुंपली गेली. म्हणून 1945 नंतर शाळांतून तिच्यावर बंदी आली. 1950 मध्ये काही मंडळींनी 'शिनाई क्योगी' नावाचा सौम्य खेळ काढला आणि त्यासाठी पुन्हा ती जुनी पिशवीतली शिनाई बाहेर आली. 1952 मध्ये अखिल जपान केंडो महासंघ स्थापन झाला, आणि पुढे दोन्ही प्रवाह एक झाले.

आता सेन्सेईंचे 'तीन'. स्पर्धेला जाताना दोन शिनाई तपासून घ्याव्या लागतात, कारण लढत चालू असताना एक फुटली तर दुसरी लगेच हाती हवी. म्हणून दोन ही किमान संख्या. तिसरी घरी, उघडून ठेवलेली. सराव झाला की बोट फिरवून कुसळ शोधायचे, चाकूने किंवा काचपेपरने कड मारायची, तेलाचा हात द्यायचा आणि वाळू द्यायची. आपल्या मल्लखांबाला एरंडेल लागायचे, तसेच हे. तीन असल्या की आळीपाळीने वापरता येतात, आणि 'आजचा दिवस निघेल' असे म्हणायची वेळच येत नाही. फुटलेली कामटी टाकून द्यायची. उरलेल्या तीन चांगल्या असतील तर त्याच मापाच्या दुसऱ्या शिनाईला जोड म्हणून ठेवायच्या. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून न्यायला मात्र बंदी आहे. कार्बनची शिनाईही मिळते. ती महाग असते पण खूप टिकते. तरी आमच्याकडचे बहुतेक जण बांबूच वापरतात.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, असे आपण म्हणतो. माझ्या काठीचे कुसळ दुसऱ्याच्या डोळ्यात जायला निघाले होते आणि मला ते दिसलेही होते. मी दोन-तीन हजार येन वाचवत होतो, आणि ते वाचवत होतो त्या मुलाच्या डोळ्याच्या भरवशावर.

तेव्हा मला आपले पी.टी.चे सर आठवले. गणपतीच्या मिरवणुकीआधी ते प्रत्येक लेझीम कानाशी नेऊन हलवायचे, साखळीची कडी न् कडी ओढून बघायचे, आणि सैल निघालेली बाजूला ठेवून पत्र्याच्या ट्रंकेतून दुसरी काढून द्यायचे. ट्रंकेत नेहमी चार-पाच जास्तीच्या असत. मुले चाळीस आणि लेझमी पंचेचाळीस कशाला, असे आपण कुजबुजायचो. सरांना गणित येत नाही, असे म्हणून मीच सर्वांना हसवले होते. सर संमेलनाला येणार असल्याचे कळले आहे. तेव्हा हे वाक्य छापून येण्याआधी त्यांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "मला तेव्हाच ऐकू आलं होतं."

जपानात शिनाई ओलांडत नाहीत आणि तिच्यावर टेकून उभे राहत नाहीत. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. गेली काही वर्षे खंडेनवमीला टोकियोतल्या आमच्या छोट्या घरात स्वयंपाकाची सुरी, बायकोची शिवणाची कात्री आणि लॅपटॉप यांच्या शेजारी तीन शिनाईंनाही हळदकुंकू लागते. तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. सुटीत आला की माझ्याशी दोन हात करतो आणि दर वेळी जिंकतो. उभे राहण्याआधी मी शिनाईवर बोट फिरवून घेतो. तोही घेतो.

सर्वांना भेटायला मी येतोच आहे. विमानात लांब सामानाचे जादा पैसे पडतात, तरी एक शिनाई शाळेसाठी आणतो आहे. सरांच्या ट्रंकेत जागा असेल तर तिथेच ठेवू.