किरकोळ रकान्यात लपलेली चौपाटी

समजा, तुम्ही नाहूरला राहता आणि रविवारी घरातल्या चौघांना गिरगाव चौपाटीला जायचंय. महिनाअखेर आहे, पैसे मोजके. मग हिशेब साधारण असा मांडला जातो : नाहूरला स्लो लोकल थांबते, ती पकडून दादर, तिथे गाडी बदलून चर्नी रोड आणि पुढे पायी. तिकीट दुसऱ्या वर्गाचं. वाळूवर बसायला पैसे लागत नाहीत, सूर्यास्तालाही नाहीत. खिसा रिकामा होतो तो खाण्यावर. म्हणून पोळीभाजीचा डबा घरून, आणि तिथे गेल्यावर दोन भेळ चौघांत.

आता इतिहासाचे विद्यार्थी म्हणून विचार करा. ह्या सहलीचा पुरावा शंभर वर्षांनी कुठे सापडेल? तिकीट स्टेशनबाहेर पडताच फेकलं. भेळवाल्यानं पावती दिली नाही. डब्याची नोंद तर कोणीच केली नाही. माझ्या मते आपल्या विषयातला एक मोठा प्रश्न इथेच आहे : जी मौज जवळजवळ फुकट होती, तिचा इतिहास लिहायचा कसा?

आधी रविवारचंच बघू. गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या मिल हॅण्ड्स असोसिएशननं त्यासाठी चळवळ केली, 1890 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. कामाचे तास मात्र लांबच राहिले. प्रौढ कामगारांसाठी दिवसाला 11 आणि आठवड्याला 60 तासांची मर्यादा 1922 च्या कायद्यानं घातली. म्हणजे ‘रविवारी समुद्रावर’ ह्या साध्या शब्दांमागे आधी वेळेचा लढा आहे, पैशाचा प्रश्न त्यानंतर येतो.

पैशासाठी आपल्याकडे एक जबरदस्त साधन आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं 1921-22 मध्ये शहरातल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास ह्यांचा तो अहवाल 1923 मध्ये छापला गेला. त्यात 2,473 कुटुंबांचे हिशेब आहेत. कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 52-4-6, म्हणजे 52 रुपये 4 आणे 6 पै. (16 आण्यांचा रुपया, 12 पैंचा आणा. हे पाठच करून ठेवा, अभिलेखागारात रोज लागतं.) खर्चाची विभागणी अशी : अन्न 56.8 टक्के, इंधन आणि दिवाबत्ती 7.4, कपडे 9.6, घरभाडं 7.7 आणि किरकोळ 18.5.

इथे जरा थांबा. बरेच जण लगेच 52 रुपयांना 18.5 टक्क्यांनी गुणतात आणि ‘किरकोळ खर्च साडेनऊ रुपये’ असं लिहून मोकळे होतात. पण टक्केवारी खर्चाची आहे, उत्पन्नाची नाही. दोन्ही सरासऱ्या एकमेकींत मिसळल्या की आकडा दिसायला नेमका आणि अर्थानं चुकीचा निघतो. व्हायवामध्ये परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

दुसरी गोष्ट, ‘किरकोळ’ हा शब्द कोणाचा? चार मोठ्या रकान्यांत जे बसलं नाही ते सगळं ह्या पाचव्यात ढकललेलं आहे, पान-तंबाखूपासून कर्जाच्या व्याजापर्यंत. आणि व्याज ही मुळीच किरकोळ बाब नव्हती, कारण ह्याच पाहणीप्रमाणे जवळपास 47 टक्के कुटुंबं कर्जात होती. रकाना पाहणी करणाऱ्याच्या प्रश्नातून तयार होतो. ह्या अहवालाचा मुख्य प्रश्न पोटाचा होता. कामगाराला मिळणारं धान्य दुष्काळी कामावरच्या मजुराच्या आणि तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याशी ताडून बघितलेलं आहे. प्रश्न महत्त्वाचाच होता, पण त्यात माणूस म्हणजे खाणारं तोंड. तो संध्याकाळी पोरांना घेऊन कुठे जायचा, हे विचारायची जागाच त्या चौकटीत नाही.

म्हणून रकान्यात चौपाटी दिसली नाही, की ‘कामगारांना विरंगुळा नव्हता’ असं लिहू नका. खर्चाची नोंद नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे. उलट टोकालाही जाऊ नका. ‘गरिबांचा समुद्र फुकटच होता, सगळे आनंदानं जायचे’ हेही पुराव्याशिवायचं वाक्य आहे. अहवालाच्या काळात शहरात विजेची ट्राम होती, पण परळहून चौपाटीला किती कुटुंबं ट्रामनं गेली आणि किती पायी, हे जमाखर्चाचे आकडे सांगत नाहीत.

मग दुसरी साधनं शोधावी लागतात. गणपती विसर्जन, नारळी पौर्णिमा, 1920 मध्ये लोकमान्य टिळकांवर चौपाटीवर झालेले अंत्यसंस्कार : अशा वेळी वाळूवरची गर्दी वर्तमानपत्रांत आणि पोलिसांच्या कागदांत शिरते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या महाराष्ट्र राज्य अभिलेखागारात हे कागद वाचताना लक्षात ठेवा, सरकार गर्दी टिपतं ते बहुधा बंदोबस्तासाठी, मौजेसाठी नाही. तिकीट लावलेल्या जागांचे कागद जास्त नीट राहतात. त्याच किनाऱ्यावर 1951 मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाचा इतिहास लिहिणं म्हणूनच सोपं, त्याच्या बाहेर कठड्यावर बसून परतलेल्यांचा अवघड.

तिसरा मार्ग मुलाखतींचा. मीना मेनन आणि नीरा अडारकर ह्यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणींतून उभं केलेलं काम (मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’) ह्यासाठी जरूर वाचा. आणि तुमचं क्षेत्र नाहूर असेल तर एक गोष्ट हाताशीच आहे. 1921-22 ची पाहणी मुंबई शहराची होती, नाहूर त्या हद्दीत नव्हतं. शिवाय नाहूर स्टेशन 2006 मध्ये सुरू झालं, त्याआधी गाडीसाठी भांडुप किंवा मुलुंड गाठावं लागे. लेकराला कडेवर घेऊन तेवढं अंतर जाणं हाही सहलीचा खर्चच, फक्त तो रुपयांत मोजलेला नाही.

मुलाखतीत ‘तुम्हाला सहल परवडायची का?’ असं विचारलंत तर ‘नाही हो, कुठली सहल!’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा : चौपाटीला जायच्या दिवशी पहाटे कोण उठायचं? डब्यात काय असायचं? भेळ किती आणि खाणारे किती? घरी कोण थांबायचं? ह्या प्रश्नांतून आणखी एक गोष्ट वर येते. स्वस्त सहल बऱ्याचदा घरातल्या बाईच्या जादा कष्टांवर स्वस्त झालेली असते. पोळ्या तिनं लाटल्या म्हणून खाण्याचे पैसे वाचले, आणि ते कष्ट कुठल्याच रकान्यात नाहीत.

सिनॉप्सिस लिहिताना ‘मुंबईतील पर्यटनाचा इतिहास’ असा ऐसपैस विषय घेऊ नका. ‘कामगार कुटुंबाचा रविवार : वेळ, भाडं आणि डबा’ एवढाच घ्या, काळ आणि वस्ती ठरवा. आणि पहिली मुलाखत आपल्याच इमारतीतल्या एखाद्या आजींची घ्या. अहवाल अजून शंभर वर्षं कपाटात राहील. आजींना मात्र ह्याच महिन्यात भेटा.