कर्जाचें नवें-जुनें

घर गहाण टाकून काढलेलें कर्ज जड होऊं लागलें म्हणजे माणूस थोड्या सवलतीनें पैसा देणाऱ्या दुसऱ्या पेढीकडे जातो आणि म्हणतो, "तुमच्या पैशानें मी जुनें गहाण सोडवितों, मग तेंच घर तुमच्याकडे गहाण राहूं द्या." ही विनंती ऐकणारा गृहस्थ प्रथम घराकडे पाहत नाहीं. तो त्या माणसाच्या मागील व्यवहाराची वही मागवितो. कधीं हप्ता चुकला होता, कोठें तगादा लागला होता, कोणाचें येणें थकलें होतें, एवढें त्या वहींत दिसलें कीं उत्तर ठरलेलें असतें. आज ही वही सिबिलसारख्या संस्थांच्या यंत्रांत असते. दीडशें वर्षांपूर्वीं ती सावकाराच्या बासनांत असे. ज्या जुन्या कर्जाच्या ओझ्याखालून निघण्यासाठीं मनुष्य नवें कर्ज मागतो, तेंच ओझें तें न देण्याचें कारण व्हावें, ही या व्यवहारांतील मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. एका माणसाच्या वांट्याला असा नकार आला तर तो घरीं जाऊन कपाळाला हात लावून बसतो. पुणें व नगर जिल्ह्यांत तो एकाच वेळीं तालुकेच्या तालुके कुणब्यांच्या वांट्याला आला, तेव्हां काय झालें, तें आज सांगावयाचें आहे.

१८७५ सालच्या या हकीकतीला शाळेच्या पुस्तकांत "दख्खनचे दंगे" म्हणतात. सावकारांनीं भरमसाट व्याज घेतलें, कुणबी चिडले आणि त्यांनीं खतें जाळलीं, असा तिचा सारांश आपण शिकलों आहों. तो खोटा नाहीं, पण अपुरा आहे. व्याज कांहीं १८७५ सालींच भरमसाट झालें नव्हतें. त्यापूर्वीं दहा वर्षें तें तसेंच होतें, आणि त्या दहा वर्षांत कोणी बासनाला काडी लावली नाहीं. नवीन झालें तें निराळेंच: सावकारानें देणें थांबविलें.

सावकार आणि कूळ यांचा संबंध आपल्या खेड्यांत फार जुना. बियाणें, बैल, लग्नकार्य आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे सरकारी सारा, यांसाठीं कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाई. कित्येक ठिकाणीं सारा सावकारच भरी आणि सुगी झाल्यावर धान्य आपल्या घरीं नेई. पेशवाईंत त्याला वसुलीसाठीं गांवाच्या पाठबळाची गरज लागे. पाटील आणि चार वडीलधारी मंडळी यांच्या मर्जीविरुद्ध त्याचें फारसें चालत नसे. इंग्रजी अमलांत दोन गोष्टी बदलल्या. इंदापुरापासून सुरू झालेल्या नव्या मोजणीनें आणि १८३६ च्या जमाबंदीनें प्रत्येक शेताचा सारा तीस वर्षांपुरता ठरला, आणि शेत विकण्याचा व गहाण टाकण्याचा हक्क कुणब्याच्या हातांत आला. दुसरी गोष्ट म्हणजे दिवाणी कोर्ट. तेथें पाटलाच्या मर्जीला किंमत नव्हती. कागदावर अंगठा कोणाचा, एवढाच प्रश्न.

पुढें १८५९ साली मुदतीचा कायदा झाला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आंत फिर्याद केली नाहीं तर तें येणें बुडावें, असा त्याचा आशय. हेतु चांगला होता. जुनाट कागद काढून कोणी कुळाला छळूं नये. पण परिणाम उलटा झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळाला बोलावी आणि मुद्दल व थकलेलें व्याज यांची बेरीज करून तेवढ्या रकमेचें नवें खत लिहून घेई. यालाच लोक "नवें-जुनें करणें" म्हणत; सहकारी सोसायट्यांच्या व्यवहारांत हा शब्द अजून चालतो. वर मनोती कापली जाई, ती निराळीच.

या व्यवहारांतील गोम आंकड्यांनीं चटकन् ध्यानांत येईल. समजा, एका कुळानें दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजानें शंभर रुपये काढले. आपल्या धर्मशास्त्रांत दामदुप्पटीचा नियम आहे. एके वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक होतां कामा नये. म्हणजे कितीही वर्षें लोटलीं तरी शंभराचे दोनशेंच. पण तीन वर्षांनीं खत नवें केलें कीं बहात्तर रुपये व्याज मुद्दलांत शिरलें; आतां मुद्दलच १७२. आणखी तीन वर्षांनीं तें २९५ रुपये तेरा आणे होतें आणि नऊ वर्षांच्या अखेरीस ५०८ रुपयांवर जातें. दामदुप्पट कोठेंच मोडली नाहीं, कारण प्रत्येक खत कागदावर नवें आहे. मध्यंतरीं कुळानें एक पैही नवी घेतलेली नाहीं. तरी वही पाहणाऱ्याला काय दिसतें? शंभर रुपये घेऊन पांचशांचा देणेकरी झालेला बुडवा मनुष्य! कुळाची पत ज्या कागदांनीं गेली, ते कागद त्यानें एकदांही न वाचतां, केवळ अंगठा उठवून, स्वतःच करून दिलेले होते.

तरी हें गाडें कांहीं वर्षें चाललें, कारण वरून पैसा येत होता. १८६१ साली अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांचा पैसा मोठ्या पेढ्यांकडे, पेढ्यांचा गांवच्या सावकाराकडे आणि सावकाराचा कुणब्याकडे असा वाहूं लागला. कापसाच्या एका एकरामागें शंभर रुपयांपर्यंत आगाऊ रक्कम मिळाल्याची नोंद आहे. त्या दिवसांत जुन्या खात्याची चौकशी कोण करतो? नवें-जुनें मागण्याच्या आंतच होई.

१८६५ साली युद्ध संपलें, कापसाचे भाव कोसळले आणि ओघ उलटा फिरला. मुंबईनें पेढ्यांना तगादा लावला, पेढ्यांनीं गांवच्या सावकाराला, आणि सावकारानें कुळाला. येथें सावकाराच्या बाजूनें एक शब्द बोललाच पाहिजे; तोही कोणाचा तरी ऋणको होता आणि त्याच्याही पायाखालची वाळू सरकत होती. पण त्यानें आपल्या कुळांना ही गोष्ट सांगितली नाहीं. त्यानें वही उघडली आणि बोट ठेवलें: तुझ्याकडे इतकें थकलें आहे, आतां आणखी नाहीं.

नेमक्या याच सुमारास जमाबंदीची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ पासून नवा आकार बसूं लागला, आणि कित्येक गांवांत तो निम्म्याहूनही अधिक वाढला. धान्य स्वस्त झालें होतें, सारा महागला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या वाढीविरुद्ध तक्रार केली. तेव्हां सरकारनें एक सवलत दिली: साऱ्याच्या बाकीसाठीं आधीं जंगम मालमत्ता जप्त करावी, जमीन एकदम विकूं नये. ही सवलतच कुणब्याला भोंवली. आजवर सावकार त्याचा सारा भरीत असे तो दयेनें नव्हे. सारा थकला तर आपल्याकडे गहाण पडलेली जमीन सरकार विकील, ही त्याला धास्ती असे. ती धास्ती सरकारनेंच काढून घेतल्यावर त्यानें सारा भरण्याचें कारण उरलें नाहीं. १८७५ च्या आरंभीं साऱ्याच्या हप्त्याच्या वेळीं कुणबी नेहमींप्रमाणें ओट्यापाशीं गेला आणि रिकाम्या हातानें परतला.

शिरूर तालुक्यांतील करडे गांवीं तत्पूर्वींच ठिणगी पडली होती. तेथील बाबासाहेब देशमुख या वजनदार गृहस्थावर काळूराम नांवाच्या सावकारानें हुकूमनामा मिळविला आणि १८७४ च्या डिसेंबरांत त्यांचें घर पाडावयास घेतलें. देशमुखांसारख्यांचें घर जर कोर्टाच्या कागदानें पडतें, तर आपल्या झोपड्यांची काय कथा, असें लोकांना वाटलें असल्यास नवल नाहीं. गांवानें सावकारांना वाळींत टाकलें. त्यांचें शेत कोणी करीना, पाणी कोणी भरीना, न्हावी हजामत करीना. ही वाळीत टाकण्याची रीत गांवोगांव पसरली.

१२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजार होता. सभोंवारच्या गांवांतून आलेल्या कुणब्यांनीं सावकारांचीं दुकानें गांठलीं आणि वह्या व खतें मागितलीं. धान्य लुटलें गेलें, कांहीं घरें पेटलीं. पण त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. सुप्याहून ही आग पुणें व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत पसरली. जेथें सावकारानें मुकाट्यानें कागद दिले, तेथें बहुधा त्याच्या केंसालाही धक्का लागला नाहीं. लष्कर आलें. पुणें जिल्ह्यांत ५५९ इसम पकडले गेले व ३०१ जणांना शिक्षा झाल्या. नगरांत ३९२ पकडले व २०० शिक्षेस पात्र ठरले.

त्या जाळपोळीकडे मीं जेव्हां जेव्हां विचारपूर्वक पाहतों, तेव्हां मला तिच्यांतील भाबडेपणाच अधिक जाणवतो. ज्या वहीमुळें नवें कर्ज मिळत नव्हतें ती वही लोकांनीं जाळली. पण वही जाळणाऱ्या कुळाला पुढील पावसाळ्यांत बियाण्यासाठीं पैसा कोण देणार? ही अडचण सोडविण्याचें काम चौकशी कमिशनाकडे आलें, आणि मध्यें १८७६ चा भयंकर दुष्काळ येऊन गेल्यावर १८७९ साली "दख्खन शेतकरी संरक्षणाचा कायदा" झाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत न्यायाधीशानें खतावरील आंकड्यावर विसंबून न राहतां व्यवहाराचा मुळापासून हिशेब पाहावा, देणें हप्त्यांनीं फेडण्याची मुभा द्यावी, कर्जापायीं शेतकऱ्याला कैदेंत घालूं नये आणि खास गहाण न दिलेली जमीन विकूं नये, असें ठरलें. मुदतही वाढविली गेली. ज्या नव्या-जुन्यानें शंभराचे पांचशें होत होते, त्याच्या मुळाशीं जाणारा हा पहिलाच कायदा. त्याचें श्रेय कमी करूं नये.

पण कायद्याला कर्ज कमी करतां आलें, तरी नवें देतां आलें नाहीं. सावकार अधिकच सावध झाला. गहाणखत कोर्टांत उकललें जातें असें पाहून तो खरेदीखत मागूं लागला: तोंडी करार परत देण्याचा, कागद मात्र कायमच्या विक्रीचा. कुळाला पर्याय नव्हता. ज्याचें खातें स्वच्छ, त्याला गहाणावर मिळे; ज्याचें मागील देणें थकलेलें, त्याला जमीन नांवावर करून दिल्याशिवाय दमडी मिळत नसे. महात्मा जोतीराव फुल्यांनीं "शेतकऱ्याचा असूड" १८८३ साली लिहून पुरा केला, तो याच दिवसांत.

तेव्हां प्रश्नाचें खरें उत्तर कोणतें, हें दोन माणसांनीं ओळखलें. एक, सर विल्यम वेडरबर्न. हे सिव्हिल सर्व्हिसांतील गृहस्थ पुढें दोनदां राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. दुसरे, न्यायमूर्ति माधवराव रानडे. त्यांचें म्हणणें सोपें होतें. एकच तालुका घ्यावा, पुरंदर; तेथील कुळांच्या जुन्या कर्जाची तडजोड करावी; सावकारांना वाजवी रक्कम रोख देऊन त्यांचें खातें बंद करावें; आणि तेथून पुढें कुळानें एका शेतकी बँकेचें, हलक्या व्याजाचें देणें द्यावें. जुन्या देण्याच्या तडजोडीसाठीं सरकारनें रक्कम आगाऊ द्यावी आणि बँकेचें येणें सरकारी साऱ्याच्या रीतीनें वसूल व्हावें, हे या योजनेचे दोन खांब. म्हणजे सुप्याच्या बाजारांत जें मागितलें गेलें नाहीं पण हवें होतें, तेंच हें: बदनाम खात्यालाही दुसरा धनको. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें योजना उचलून धरली आणि १८८४ साली ती मंजुरीसाठीं विलायतेस पाठविली. भारतमंत्र्यांनीं ती नाकारली. खेड्यांतल्या ओट्यावर कुणब्याला जो शब्द ऐकावा लागला होता, तोच आतां लंडनहून आला.

त्याच वेळीं, १८८३ व १८८४ साली, तगाईचे दोन कायदे झाले, ते हाच फरक दाखवितात. विहिरीसाठीं, बांधासाठीं, बियाण्यासाठीं, बैलासाठीं सरकार पैसा देईल. गळ्यांतील जुनें खत सोडविण्यासाठीं देणार नाहीं. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्यानें पुष्कळ झालें, पण त्या पेढ्यांचा पैसाही थोड्या मुदतीचा, हंगामापुरता. जुनें देणें वारण्यासाठीं दीर्घ मुदतीनें पैसा देणाऱ्या भूविकास बँका, म्हणजे त्या काळच्या भूतारण बँका, मुंबई इलाख्यांत निघाल्या त्या १९२९ साली; त्यांतील एक खानदेशांतील पाचोऱ्याची. पुरंदरची योजना फेटाळली गेल्याला तेव्हां पंचेचाळीस वर्षें होत आलीं होतीं. या बँकांचा सर्वसाधारण नियम असा, कीं जमिनीच्या किंमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम द्यावयाची नाहीं, आणि जमिनीचा हक्क निर्वेध पाहिजे. ज्याचें जुनें देणें जमिनीच्या निम्म्या किंमतीच्या पलीकडे गेलें होतें, तो कुणबी अर्ज घेऊन पाचोऱ्याला आलाच, तर त्याचें नांव यादींत लागत नसे.