जुनी गाडी 'मिसिंग' मारतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट बदला

जुनी अल्टो, वॅगनआर, सँट्रो अशी इंजेक्टरवाली पेट्रोल गाडी वापरणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची असेल. गाडी स्लोला उभी असताना झटके देते, स्टिअरिंग थरथरतं, चढाला पिकअप मिळत नाही, सायलेन्सरमधून फटफट आवाज आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. मग आधी प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर सेन्सर. हजारो रुपये जातात आणि गाडी तशीच राहते. कारण दोष कुठल्या सिलिंडरमध्ये आहे हे कोणी पाहिलेलंच नसतं.

मिसिंग म्हणजे नेमकं काय?

एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, म्हणजे मिसिंग. ८०० सीसीच्या अल्टोला तीन सिलिंडर असतात. त्यातला एक बंद पडला की एक तृतीयांश ताकद गेली. जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: वेळेवर ठिणगी, पेट्रोल-हवेचं बरोबर प्रमाण आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब (कॉम्प्रेशन). तपासणी याच क्रमाने करा. स्वस्त गोष्ट आधी, महाग नंतर.

तशीच चालवली तर?

न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो प्रचंड तापतो आणि आतून वितळू शकतो. नवा कन्व्हर्टर प्लगच्या कितीतरी पट महाग पडतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर, पाचटावर किंवा कडब्याजवळ उभी करू नका, आग लागू शकते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवा.

आधी डोळ्यांनी बघा

इंजिन बंद आणि थंड असताना बोनेट उघडा. उंदराने वायर कुरतडली आहे का, इंजेक्टरचं किंवा कॉइलचं सॉकेट सैल आहे का, हवेचा रबरी पाइप फाटला किंवा निसटला आहे का, एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, हे बघा. बरेचदा दोष इथेच सापडतो.

कुठला सिलिंडर बंद आहे?

१. इंजिन बंद करा. एका इंजेक्टरचं सॉकेट काढा आणि गाडी चालू करून स्लोला ऐका.

२. इंजिन आणखी थरथरलं तर तो सिलिंडर काम करत होता. बंद करून सॉकेट परत लावा.

३. एकेक करून सगळे बघा. ज्याचं सॉकेट काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला आहे.

चालू इंजिनमध्ये प्लगची वायर ओढून बघायची जुनी सवय सोडा. हजारो व्होल्टचा झटका बसतो, कॉइल खराब होऊ शकते आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. तपासताना गमछा, ओढणी, सैल बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा.

अदलाबदल करून बघा

समजा दोन नंबरचा सिलिंडर बंद आहे. त्याचा प्लग एक नंबरला लावा आणि एकचा दोनला. मिसिंग एक नंबरला गेलं तर प्लग खराब. नाही गेलं तर कॉइल किंवा वायर अशीच बदलून बघा, मग इंजेक्टर. दोष ज्या पार्टबरोबर सरकतो, तोच पार्ट घ्यायचा. इंजेक्टर काढायचं काम मात्र मिस्त्रीकडेच द्या, त्या लाईनमध्ये पेट्रोल दाबाखाली असतं.

प्लग काय सांगतो?

- फिकट तपकिरी: ठीक आहे.
- कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त जातंय.
- ओला, पेट्रोलचा वास: ठिणगी पडत नाही.
- तेलकट: ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील बघा.
- पांढरा, भाजल्यासारखा: पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन फार तापतंय.

पांढऱ्या चिनी मातीला चीर असेल तर तो प्लग फेकून द्या.

कधी मिसिंग मारते, हेही लक्षात ठेवा

- फक्त पावसात किंवा दमट हवेत: वायर किंवा कॉइलमधून करंट बाहेर जातोय. रात्री अंधारात बोनेट उघडून लांबून बघा, निळ्या ठिणग्या दिसतात.
- फक्त सीएनजीवर: आधी प्लग आणि कॉइल बघा. गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते.
- फक्त पेट्रोलवर: इंजेक्टर चोकअप असू शकतो. कायम गॅसवर चालणाऱ्या गाडीत असं होतं, म्हणून अधूनमधून पेट्रोलवरही चालवा.
- पेट्रोल भरल्यावर लगेच: पेट्रोलमध्ये पाणी असण्याची शंका घ्या.
- एक नाही, सगळेच सिलिंडर मिसिंग: पेट्रोल फिल्टर, पंप, हवेची गळती किंवा सेन्सर.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक, तरी बंद?

मग कॉम्प्रेशन मोजायला सांगा. एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंग झिजल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. असं निघालं तर नवे प्लग-कॉइल घालून उपयोग नाही.

स्कॅनर लावला तर

ज्या गाड्यांत सोय आहे तिथे पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दोन नंबर. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठराविक सिलिंडरचं नाही. कोड फक्त सिलिंडर दाखवतो, पार्ट नाही. खूप जुन्या गाडीत दिवा न लागताही मिसिंग असू शकतं.

गॅरेजला गेल्यावर नुसतं 'गाडी मिसिंग मारते' म्हणू नका. कुठला सिलिंडर, थंड असताना की गरम झाल्यावर, पेट्रोलवर की गॅसवर, एवढं सांगा. आणि काढलेला जुना पार्ट परत मागून घ्या.