सावंतवाडीची गंजिफा

गंजिफा : हाताने रंगवून लाखेचा लेप दिलेल्या वर्तुळाकार पत्त्यांचा खेळ. भारतातील त्याच्या मोजक्या जिवंत निर्मितिकेंद्रांत सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची गणना होते. खेळ इराणी परंपरेतून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हुसेन यास गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संचात ८ रंगांचे ९६ पत्ते असतात. हिंदू चिताऱ्यांनी त्याला दशावताराचे रूप दिले. त्यात १० अवतारांचे १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे दहा असे एकूण १२० पत्ते असतात. तिघांत प्रत्येकी ४० पत्ते वाटले जातात. दिवसा खेळ रामाच्या व रात्री कृष्णाच्या राजापासून सुरू होतो. निम्म्या रंगांत दश्शी वरचढ, तर उरलेल्यांत एक्का; त्यामुळे पडलेली पाने स्मरणात ठेवणे हेच खेळाडूचे खरे कसब.

कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पत्ता तयार करतात. त्यावर खडूचा लेप चढवून तो दगडाने घोटतात, मग रंगकाम व शेवटी लाख. (जपानी लाखकामातील ‘उरुशी’ हा वृक्षाचा चीक असतो, येथील लाख कीटकजन्य होय.) राजदरबारासाठीचे नक्षीदार काम ‘दरबार कलम’ व साधे काम ‘बाजार कलम’ म्हणून ओळखले जाते. मत्स्याच्या रंगात मासे, परशुरामाच्या रंगात परशू असल्याने निरक्षरासही पाने ओळखता येत.

यंत्रावर छापलेले स्वस्त विलायती पत्ते आल्यावर गंजिफा मागे पडली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि दरबारी मागणीही ओसरली. पुढे ही विद्या जाणणारा वृद्ध चितारीच काय तो उरला होता. शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ती शिकवून घेतली व १९७० च्या सुमारास राजवाड्यातच कार्यशाळा सुरू केली. तेथे लाकडी वस्तूंवरील लाखकामही होऊ लागले. चितारआळीतील लाकडी खेळणी व फळे हा त्याच परंपरेचा दुसरा, अधिक लोकप्रिय भाग. २०२४ मध्ये गंजिफेस भौगोलिक मानांकन मिळाले. कला वाचली, खेळ मात्र वाचला असे म्हणवत नाही. आज बहुतेक संच संग्राहक घेतात आणि ते पेटीत ठेवले जातात, घरोघरी डाव मांडला जात नाही.